वाडगा रिकामा देऊ नये

त्या दिवशी काम काय, तर दाराबाहेरची दुधाची पिशवी आत घ्यायची. एवढंच. ऑफिसला जाताना केतकीमामी बजावून गेली होती, "क्षिप्रा, धुक्यामुळे दूध आज उशिरा येणार. पिशवी उचल हं यार, नाहीतर मांजर फाडेल." आता दुधाची पिशवी उचलायला कसला आलाय शूरपणा, असं तुम्ही म्हणाल. म्हणा. ज्याला पलंगाने कधी धरून ठेवलं नाही, त्याने खुशाल म्हणावं.

क्षिप्राला पलंगाने धरून चाळीस दिवस झाले होते. पोरगी लातूरची, हुशार. साहेब व्हायला दिल्लीला आली, लक्ष्मीबाई नगरातल्या मामाच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहिली आणि दुसऱ्यांदा मुख्य परीक्षेत आपटली. मग दिवसा झोप, रात्री धडधड आणि दाराच्या कडीला हात लावला की तळव्यांना घाम. डॉक्टरीणबाईंनी नैराश्य आणि चिंता अशी दोन नावं लिहून दिली, गोळ्या दिल्या, रोज एक छोटं काम करायला सांगितलं. उल्हासमामा पडला सरकारी माणूस. त्याने छोट्या कामांचं वेळापत्रक टाइप करून भिंतीवर चिकटवलं. ते पलंगावरूनही वाचता येई, हाच त्याचा उपयोग. क्षिप्राला मात्र मनातून एकच भीती होती, की या दाराबाहेर आपलं पाऊल आता कधीच पडणार नाही.

दुपारचे तीन. समोरचा लिंब धुक्याने अख्खा गिळलेला. तिने वीतभर दार उघडलं. पिशवी होती. शेजारी ताटलीने झाकलेला स्टीलचा वाडगा होता. आत मऊ भात, मेतकूट, वर तुपाची धार, आणि वाफ निघत होती.

दिल्लीत मेतकूट? ब्लॉकमध्ये मराठी बिऱ्हाड एकच, मामाचं. समोर बॅनर्जी. वरच्या क्वार्टरला सहा वर्षं कुलूप, आणि कुलपावर फडकं गुंडाळून लाखेचं सील. मामीनेच कुणाकडून तरी पाठवलं असेल, असं ठरवून क्षिप्राने भात खाल्ला. चाळीस दिवसांत पहिल्यांदा जिभेला मीठ कळलं. मग वाडगा लख्ख घासून तिने दाराबाहेर ठेवला. रिकामा.

लातूरची पोर, आणि भांडं रिकामं. आईने ऐकलं असतं तर तिथून चप्पल फेकली असती.

तासाभराने वरून आवाज आला. टर्रर्र… टर्रर्र… स्टीलचे दात कुणी कोरावेत तसा. तो थांबला आणि जिन्यावर बांगड्या वाजल्या. एक पायरी, मग थोडी विश्रांती. दुसरी पायरी, पुन्हा विश्रांती. गुडघे दुखणाऱ्या बाईने उतरावं तसं. दाराशी येऊन बांगड्या थांबल्या. फोडणीतल्या हिंगाचा वास फटीतून आत आला.

ठण्.

बऱ्याच वेळाने क्षिप्राने दार उघडलं. बाहेर कुणी नव्हतं. वाडगा पालथा घातलेला. काठाखाली ठिपक्याठिपक्यांनी नाव कोरलं होतं, 'सौ. हेमलता दिनकर, १४-१-८६'.

तेव्हा तिला आई आठवली. शेजारचं भांडं रिकामं देऊ नये, काही नसेल तर चिमूटभर साखर घाल. तिने साखर घातली, वाडगा ठेवला, दार लावलं. बांगड्या वर गेल्या. वाडगाही गेला.

दुसऱ्या दिवशी वरणातल्या चकोल्या आल्या, पण वाडगा दाराशी नव्हता, जिन्याच्या पहिल्या पायरीवर होता. क्षिप्राने पुन्हा साखर घातली. वाडगा पुन्हा पालथा. भुताची रोज साखरेवर बोळवण करता येत नाही. हेमलताकाकूंना मधुमेह असावा. मग तिने उठून शेंगदाणे भाजले, तेव्हा कुठे वाडगा स्वीकारला गेला.

त्यानंतर रोज वाडगा एकेक पायरी वर चढू लागला, आणि त्याच्यामागे क्षिप्रा. मधे दोन दिवस तिला पलंगावरून उठताच आलं नाही. तिसऱ्या दिवशी पाहिलं, तर वाडगा त्याच पायरीवर, तसाच गरम. कुणी रागावलं नव्हतं.

"आज पोहे तू केलेस?" मामीने कढईत डोकावून विचारलं. "बिल्कुल खरं?"

"मामी, हेमलता कोण?"

मामीच्या हातातला डाव हवेतच राहिला. "वरच्या काकू. मला नवीन लग्नात आमटी त्यांनीच शिकवली. सहा वर्षं झाली त्यांना जाऊन. रिकामं भांडं दिलं की पालथं घालून परत करायच्या… तुला कुणी सांगितलं गं?"

मामा चष्मा पुसत म्हणाला, "सील शाबूत आहे. नियमाप्रमाणे आत कुणी असू शकत नाही." नियम भुतालाही लागू असतो, यावर मामाची अढळ श्रद्धा.

संक्रांतीच्या दिवशी वाडगा सगळ्यात वर होता, सील केलेल्या दाराशी. धुकं जिन्यात शिरलेलं, खालची पायरी दिसत नव्हती. क्षिप्राने बशीतले पोहे वाडग्यात ओतले. तेवढ्यात बंद दारापलीकडे बांगड्या किणकिणल्या.

"रिकामा… नाही ना आणलास?"

तिच्या मानेवरचा केस न् केस उभा राहिला. "नाही काकू. पोहे आहेत. जरा… करपलेत."

आतून घोगरं हसू. अगदी दाराला तोंड लावून हसावं तसं.

"कोथिंबीर कुठाय?"

"कोथिंबीर… संपली."

"मग उभी काय राहिलीस?"

आणि क्षिप्रा निघाली. जिना उतरली, फाटक ओलांडलं. छाती ढोलासारखी वाजत होती. धुक्यातून माणसं अर्धीअर्धी दिसत होती. सरोजिनी नगरच्या भाजीबाजारात पोचल्यावर तिच्या ध्यानात आलं, की आपण घराबाहेर आहोत. पायांत मामाच्या सपाता, त्याही वेगवेगळ्या जोडांच्या. "भैया, धनिया देना," असं म्हणताना तिला जे हसू फुटलं, ते आवरेना. भाजीवाल्याने घाबरून दोन मिरच्या जास्त टाकल्या.

कोथिंबीर वर पोचली. वाडगा पुन्हा आला नाही.

मार्चमध्ये सरकारी माणसांनी सील फोडलं. आत सहा वर्षांची धूळ, तिच्यावर एक पाऊल नाही. ओट्यावर कोथिंबिरीच्या चार काड्या, हिरव्यागार. मामाने त्यांची नोंद कशात करावी याचा दोन दिवस विचार केला आणि सोडून दिला.

क्षिप्राच्या गोळ्या चालू होत्या. काही सकाळी पलंग अजून धरायचा, पण पूर्वीइतका घट्ट नाही. परीक्षेचा फॉर्म तिने स्वतः भरला. काकू गेल्या, असं वाटून तिला थोडं चुकल्यासारखंही झालं.

त्याच दुपारी आवाज आला. टर्रर्र… टर्रर्र…

वरून नाही. त्यांच्याच स्वयंपाकघरातून.

ती धावली. आत कुणी नव्हतं. ओट्यावर कोरा करकरीत वाडगा पालथा होता, हाताला चटका बसेल इतका गरम. काठाखाली ताजं कोरलेलं तिचं नाव, आणि तारीख पुढच्या संक्रांतीची.

"वर्ष चुकलंय बघ," संध्याकाळी मामा म्हणाला.

"चुकलं नाही, तेव्हा मला तो भरून द्यायचाय," म्हणत क्षिप्राने वाडगा उलटून सरळ केला. आत चिमूटभर साखर होती. पालथ्या वाडग्यातली, पण एक कणही ओट्यावर सांडलेला नव्हता.