सदतिसावी जागा

तो आला तो भांडायलाच.

"लायब्ररीवाली म्हणतात ती तुम्हीच ना?"

तिने मान वर केली. कंपनीतल्या सगळ्या टीम जो सामाईक कोड, म्हणजे 'लायब्ररी', वापरायच्या तो ती सांभाळायची, त्यावरून पडलेलं हे नाव. समोर उभा होता हॉस्पिटलच्या स्क्रीन बनवणाऱ्या टीममधला एकजण. शर्टाची एक बाही वर, एक खाली.

"तुमचा कोड मूग गिळून बसतो हो! काल लॅबचा सर्व्हर बंद पडला. त्याने ते सांगितलंच नाही, नुसती रिकामी यादी दिली. आमच्या स्क्रीनवर काय आलं? 'रिपोर्ट नाहीत'. रिपोर्ट तयार असताना एक आजोबा दोनदा हात हलवत परत गेले."

ॲप कोलमडू नये म्हणून तसं केलंय, असं ती सांगणार होती... पण आजोबांचं ऐकून तिला खरंच लाज वाटली.

"चुकलंच," ती म्हणाली.

भांडणाची जय्यत तयारी करून आलेल्याची पंचाईत झाली. "मग... बसू का?"

बसला, आणि पुढे तीन आठवडे रोज चार वाजता बसत राहिला. कोडमध्ये चूक अशी गिळून टाकणाऱ्या जागा निघाल्या सदतीस. प्रत्येक जागी काय बिघडलं, कुणाकडून बिघडलं, पुन्हा प्रयत्न करावा की नाही, हे स्पष्ट सांगायचं असं दोघांनी ठरवलं.

"'काहीतरी चुकलं'? हा काय संदेश झाला?" तो चिडवायचा. "माझी मावशी असं बोलते."

"मग मावशीलाच घ्या कामाला."

"घेतलं असतं. पण ती हसली तर माझं लक्ष उडत नाही..."

ती स्क्रीनकडेच बघत राहिली. कान मात्र लाल झाले होते.

बघता बघता छत्तीस जागा झाल्या. उरली शेवटची.

"ही सहा दिवस तशीच आहे," एके दिवशी तो म्हणाला. "पाच मिनिटांचं तर काम."

कामाचा व्याप, तब्येत, काहीही सांगता आलं असतं.

"मुद्दाम ठेवलीय. सुट्ट्यांच्या यादीची आहे, कुणाचं अडत नाही. ती झाली की तुम्ही यायचे बंद व्हाल — आणि मला ते नकोय. तुम्ही मला आवडता. झालं, सांगितलं!"

त्याने कीबोर्ड ओढला, चार ओळी लिहिल्या, चाचण्या चालवल्या आणि सदतिसावी जागा यादीतून खोडली. गेला आता हा!

तो मात्र खुर्चीतून हलेना.

"रोज सकाळी आल्या आल्या ही जागा उघडून बघायचो," तो हळूच म्हणाला, "तू ती दुरुस्त तर केली नाहीस ना..."

"मग आत्ता का केलीत?"

"आता कशाला हवी ती? उद्या चारला येतोच आहे मी."