तनुजाची हजेरी

बेगमपुऱ्यातल्या आमच्या खोलीला एकच खिडकी आहे आणि तिच्यातून मकबऱ्याचे मिनार दिसतात. घरमालकीण भामाबाई खोली दाखवताना त्या मिनारांचं असं कौतुक करतात, जसं काही त्यांनीच ते बांधून घेतलेत. इथं मी आणि तनुजा राहत होतो. दोघी विद्यापीठात मानसशास्त्राच्या एम.ए.ला. मी वैजापूरची, ती देवगाव रंगारीची. ती हुशार, पण महाझोपाळू. मी बडबडी आणि नको तिथं मदतीला धावणारी. सकाळच्या तासाला तिला जाग यायची नाही, म्हणून तिची प्रॉक्सी मी मारायची. सरांनी तिचं नाव घेतलं की मान खाली घालून, तिच्या किंचित घोगऱ्या आवाजात "येस सर" म्हणायचं. आमच्या वर्गातली मेघा माझ्या शेजारी बसून दरवेळी फसायची आणि तनुजा आली का म्हणून मागं वळून बघायची.

अशा झोपाळू मुलीची झोप या उन्हाळ्यात उडाली. परीक्षा तोंडावर आलेली. पोरगी रात्र रात्र भिंतीला टेकून बसायची आणि सकाळी तिचे डोळे बघवत नसत. मी खनपटीलाच बसले तेव्हा चहाचा कप हातात तसाच धरून ती बोलली.

"रोज एकच स्वप्न पडतं, करुणा. एक वर्ग आहे. खिडक्यांच्या काचांना बाहेरून चुना फासलाय. एक माणूस आमच्याकडं पाठ करून हजेरी घेतो. नाव आलं की पोरं ओ देतात आन् मागच्या दारानं निघून जातात. मग माझं नाव येतं."

"मग?"

"मी ओ देत नाय. तो पुढचं नाव घेतच नाय. माझंच घेत राहतो. लई मायेनं घेतो गं. जेवायला बोलवावं तसं."

मला मनातल्या मनात हसू आलं. जिची हजेरी कायम कमी भरते, तिला ऐन परीक्षेत हजेरीचंच स्वप्न पडणार. यात गूढ ते काय? तरी मानसशास्त्र शिकते म्हणून मी डॉक्टर होत नाही, एवढं मला कळतं. तिला मानसोपचाराच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेले. बाईंनी घाई न करता सगळं ऐकून घेतलं, गोळ्या दिल्या, झोपेची वेळ लावून दिली, तिला एकटीला ठेवू नका म्हणाल्या. तनुजानं गोळ्या कधी चुकवल्या नाहीत. भूक लागू लागली. स्वप्न मात्र हटलं नाही.

भूगोल विभागातला ऋतुराज आमच्याच खानावळीत जेवायचा. एकदा ताटावर तनुजा मला हळू आवाजात काही सांगत होती, तर समोरून त्यानं भाकरी खाली ठेवली.

"चुना बाहेरूनच फासलेला आहे ना?" त्यानं विचारलं.

माझ्या अंगावर सर्रकन काटा आला आणि त्या काट्याचाच मला राग आला. मेघानं सांगितलं असेल, तिच्याजवळ मी स्वप्नाबद्दल बोलले होते. डोळ्यांची साथ पसरते तशी पोरांमध्ये भीती पसरते, हे मी स्वतः परीक्षेच्या पेपरात लिहिलेलं होतं.

"मी तर आता देऊन टाकणार ओ," तो म्हणाला. "लई थकलो यार."

पुढच्या आठवड्यात तो दिसला तेव्हा चेहरा टवटवीत होता. नीट जेवला, हात धुतले आणि निघाला. त्याचा मोबाईल टेबलावरच राहिला होता. मेघानं मागून हाक मारली. "ऋतुराज! अरे ऋतुराज!" तो तिच्यापासून हातभर अंतरावर होता. वळला नाही. शांतपणे पायऱ्या उतरून उन्हात गेला.

"कानात काहीतरी घातलं असेल," मी म्हणाले.

"नव्हतं घातलं," तनुजा म्हणाली. तिची बोटं माझ्या मनगटात रुतली होती. "मी ओ दिली तर मी पण राहणार नाय, करुणा."

"राहशील. मी आहे ना."

ते मी अगदी मनापासून बोलले होते. तिच्या घरी फोन करून मीच तिच्या वडिलांना, सर्जेरावांना, येऊन तिला घरी न्यायला सांगितलं. परीक्षा पुढच्या वेळी देता येईल, आधी पोरगी सावरू दे. गुलमंडीच्या बाजारातून जाड हिरवं कापड आणून खिडकीला पडदा केला. सर्जेराव यायच्या दिवशी दुपारी कूलरमध्ये पाणी भरलं, तनुजाला आडवं केलं आणि तिचा हात धरून शेजारी पडले. बाहेर ऊन रटरटत होतं. कूलरमधल्या वाळ्याचा वास खोलीभर पसरला होता. बघता बघता तिचा श्वास संथ झाला.

मला झोपायचंच नव्हतं.

वर्ग चांगला मोठा होता. आमच्या वर्गासारखा अजिबात नाही. बाक ओले, जणू नुकतंच कुणी पुसून गेलंय. खिडक्यांमधून पांढरा, आंधळा उजेड येत होता. चुन्यावर कुंच्याचे फटकारेसुद्धा दिसत होते. हे स्वप्न आहे, हे मला पक्कं ठाऊक होतं. ऐकून ऐकून पडलेलं आहे, हेही ठाऊक होतं.

तनुजा माझ्या पुढच्या बाकावर होती. दोन्ही हातांनी तिनं तोंड गच्च दाबून धरलं होतं.

बाकी बाक रिकामे होते.

"तनुजा," फळ्याजवळून आवाज आला.

किती गोड आवाज तो! इतक्या मायेनं कुणी बोलवतंय आणि आपण गप्प बसायचं, हे भलतंच वाईट वाटत होतं.

"तनुजा."

हातांच्या फटीतून हुंदका आला, पण शब्द आला नाही.

"तनुजा."

मी विचार केला नाही. खरंच नाही केला. दोन वर्षांची सवय. माझी मान आपोआप खाली गेली.

"येस सर," मी तिच्या आवाजात म्हणाले.

तनुजानं तोंडावरचे हात काढले.

मागं वळून तिनं माझ्याकडं पाहिलं. ती रागावली असती तर बरं झालं असतं. मग ती उठली आणि मागच्या दाराकडे चालू लागली. मी हाक मारायला तोंड उघडलं. तोवर ती दारातून निघून गेली होती.

जाग आली तेव्हा माझ्या हातात तिचा हात नव्हता.

ती पलंगाच्या कडेला बसून केस विंचरत होती. चेहरा ताजा, डोळ्यांखालची वर्तुळंसुद्धा फिकी वाटत होती. पडदा तिनं बाजूला सारला होता. मला इतका आनंद झाला की रडूच आलं. झोप लागली हिला! चांगली गाढ झोप लागली!

जिन्यावर चपला वाजल्या. खालून भामाबाईंचा आवाज आला, "वर जा, वरच हायेत पोरी."

"तनू!" सर्जेरावांनी जिन्यातूनच साद घातली. "ए तनू, मी आलो गं!"

ती विंचरत राहिली.

"तनुजा?"

कंगव्यात अडकलेले केस तिनं काढले, बोटाला गुंडाळले आणि खिडकीतून बाहेर टाकले.

सर्जेराव दारात उभे राहिले. घामानं सदरा पाठीला चिकटलेला, हातात मुलीसाठी आणलेली खरबुजं. त्यांनी तिच्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

"हिला ऐकू येत नाय का गं, बाई?"

मी उठले आणि तिच्या पुढ्यात जाऊन उभी राहिले. तिचं नाव घ्यायची माझी हिंमत झाली नाही.

तिनं वर पाहिलं. ओळख नसलेल्या माणसाकडं बघून हसतात तशी नीट, शहाण्यासारखी हसली. मग सरकून तिनं मला पलंगावर जागा करून दिली.

"बसा ना," ती म्हणाली. "कुणाकडं आलात?"