मागचा दिवे मिचकावेपर्यंत

माल साधाच होता. कुत्र्यांच्या खाऊची पोती. नेब्रास्कात भरायची आणि डोंगर ओलांडून युटातल्या एका गोदामात उतरवायची, एवढंच काम. सकाळी लोर्ना स्क्लेनार गाडीत चढली तेव्हा भुताखेताचा विचार तिच्या मनात कशाला येईल? तिला धास्ती होती ती गाडीचीच.

गावातला मांसाचा कारखाना बंद पडला, आणि ज्या वयात बायका नातवंडांची वाट बघायला लागतात त्या वयात लोर्ना अठरा चाकांचं धूड हाकायला शिकली. मैदानात शिकून झालं होतं, परवानाही हातात होता. पण हमरस्त्यावर आज पहिल्यांदाच. शेजारी डेल्बर्ट बसलेला. हा टेनेसीचा म्हातारा शिकाऊ लोकांना तयार करायचा. त्याने कंपनीला फोन करून 'जमतंय' म्हटलं की नोकरी पक्की. नाही म्हटलं की बसचं तिकीट आणि घरी परत. घर तर त्या नोकरीवरच टांगलेलं.

डेल्बर्ट बोलायचा थोडं, पण एक गोष्ट त्याने निघताना दोनदा सांगितली होती. आपली शेपूट, म्हणजे मागचा ट्रेलर, इतकी लांब, की तिचं टोक आपल्याला धड दिसत नाही. म्हणून एखाद्या ट्रकला मागे टाकलं की लगेच त्याच्या पुढ्यात शिरायचं नाही. मागे पडलेला ट्रकवाला दिवे मिचकावतो, म्हणजे 'ये, जागा आहे.' मग लेन बदलायची आणि आपल्या शेपटाचे दिवे दोनदा लुकलुकवून त्याचे आभार मानायचे. हा ट्रकवाल्यांचा आपसातला रिवाज.

"तो दिवे मिचकावेपर्यंत थांबायचं," तो म्हणाला होता. "युटा आलं तरी चालेल."

लॅरामी गाव मागे पडलं आणि वारा सुटला. कोरड्या बर्फाचा भुगा रस्त्यावरून सरपटत आडवा जाऊ लागला. आरशाच्या दांड्यांतून वारा बारीक सुरात रडत होता. केबिनमध्ये करपलेल्या कॉफीचा आणि ओल्या लोकरीचा वास. दुपार होती, पण उजेड असा मळकट झाला होता की जणू कुणी आभाळावर जुनी चादर ओढली असावी.

पुढे एक लाल ट्रक दिसला. जुना, बसक्या नाकाचा, मुंगीच्या पावलांनी चाललेला. नेमकं तेव्हा डेल्बर्टच्या थर्मासचं झाकण सीटखाली गडगडत गेलं आणि तो पुटपुटत खाली वाकला. लोर्नाने धीर करून डावी, पुढे काढायची लेन घेतली. लाल ट्रक उजवीकडून हळूहळू मागे सरकला. त्याच्या काचेवर आतून बर्फ साचलेला दिसला. आतून... तिला नवल वाटलं, पण नजर रस्त्यावर ठेवणं भाग होतं.

मग ती वाट बघू लागली. उजव्या आरशात त्याचे दोन दिवे दिसत होते, स्थिर. एक पांढरा, एक पिवळा. मिचकत मात्र नव्हते.

डेल्बर्ट झाकण घेऊन वर आला. त्याने रस्ता बघितला, मग तिच्याकडे बघितलं.

"उजवीकडे घे की, बाई. डावी लेन काय आंदण मिळालीय?"

"त्यानं दिवे मिचकावले नाहीत अजून."

"कुणी?"

"आत्ता मागे टाकला तो. लाल ट्रक."

डेल्बर्टने आरशात बघितलं. बराच वेळ बघितलं. "मागे कुणी नाही, लोर्ना."

तिला तर दिवे दिसत होते. इंचभर हलत नव्हते, जवळ येत नव्हते, लांब जात नव्हते. समोर आता नुसता पांढरा अंधार.

"लेन बदल," डेल्बर्ट हलक्या आवाजात म्हणाला. त्याच्या हलक्या आवाजाचीच भीती जास्त. "नाहीतर पुढच्या थांब्यावर उतर आणि घरची बस धर."

"सकाळी तुम्हीच म्हणालात, मास्तर... थांबायचं म्हणून..."

तिने वेग कमी केला, पण चाक वळवलं नाही. नोकरी गेली, असं तिला त्या क्षणी वाटलं. आणि त्याच क्षणी उजव्या लेनमध्ये काहीतरी काळं उभं राहिलं. एक पिकअप, मागे जोडलेली घोडा न्यायची बंद गाडी, दोन्ही आडव्या झालेल्या, एकही दिवा नसलेल्या. बाप घोड्याचा दोर धरून उभा. त्याच्या पायाला बिलगलेली लाल टोपीची लहान पोर. सगळं एका श्वासात उजव्या खिडकीपासून हातभर अंतरावरून गेलं. वाऱ्याने पोरीची टोपी उडाली, तेवढंच.

डेल्बर्टच्या हातातली कॉफी मांडीवर सांडली होती, पण त्याला चटका लागल्यासारखं वाटलं नाही. त्याने रेडिओचा माइक ओढला आणि मागून येणाऱ्यांना सांगायला सुरुवात केली की उजवी लेन अडलीय, सावकाश या, पोलिसांना कळवा.

तेव्हा आरशातले दिवे मिचकले. एकदा. सावकाश.

लोर्नाने उजवी लेन घेतली आणि शेपटाचे दिवे दोनदा लुकलुकवले. पुन्हा बघते तो आरशात नुसता बर्फ.

संध्याकाळी धाब्यावर दुसऱ्या एका ट्रकवाल्याने बातमी आणली. बाप, पोर, घोडा, सगळे सुखरूप. टोपीसुद्धा कुंपणाला अडकलेली सापडली. लोर्नाला हसू आलं, हसता हसता रडू आलं, आणि मग अशी कडकडून भूक लागली की तिने आपल्या गावच्या रीतीने मांस-राजम्याची तिखट चिली आणि दालचिनीचा गोड रोल एकत्र मागवला.

"हे माणसाचं खाणं आहे का?" डेल्बर्ट म्हणाला. तोही हलका झाला होता. तिच्यासमोरच त्याने कंपनीला फोन लावला. जमतंय हिला, म्हणाला. माझं ऐकत नाही, पण जमतंय.

मग बराच वेळ तो बिनसाखरेची कॉफी ढवळत राहिला.

"दिवे कसे होते गं?"

"एक पांढरा. दुसरा पिवळट... जुन्या ट्रॅक्टरचा बसवल्यासारखा."

"रॉयस घाईनं कधीच मिचकावायचा नाही," तो कपाकडे बघत म्हणाला. "मला त्यानंच शिकवलं."

"मग भेटायला हवं त्यांना. आभार मानायला."

"नको, बाई. तो कधीच वारला. भेटला तेवढा पुरे."

दुसऱ्या दिवशी युटात माल उतरला. गाडी उलटी लावून गोदामाला अशी भिडवलेली की मधून हातही जाऊ नये. आतलं शटर खाली आलं. भिंतीवरचा लाल दिवा हिरवा झाला, म्हणजे निघायला मोकळीक. गोदामवाला कागद देऊन, हात हलवून निघून गेला. डेल्बर्ट शीळ घालत होता. लोर्नाने गाडी सुरू केली आणि सवयीने उजव्या आरशात बघितलं.

मागे भिंत होती. भिंतीच्या आत, खूप लांब, दोन दिवे होते. एक पांढरा, एक पिवळा.

ती मिचकायची वाट बघत बसली. ते मिचकले नाहीत.

"मास्तर... जरा थांबूया."

या खेपेला 'कुणासाठी' असं डेल्बर्टने विचारलं नाही. त्याची शीळ थांबली. त्याने हात लांब करून हळूच गाडी बंद केली.

त्या शांततेत, मागच्या रिकाम्या ट्रेलरमध्ये काहीतरी जड हललं, आणि अख्खी गाडी कुणी आत चढल्यासारखी जराशी खाली दबली.