खिळ्यावरचं पॅकिंग

वीज गेली तरी स्वराजचं काम थांबलं नव्हतं. फवारणीच्या पंपाचं छोटं इंजिन त्यानं ओट्यावरच खोललं होतं आणि अनुपमा मोबाइलचा उजेड धरून उभी होती. सांध्यातून पेट्रोल गळू नये म्हणून बसवलेलं आतलं पॅकिंग फाटलं होतं. स्वराजनं घरातून एक जाड लग्नपत्रिका आणली, तिच्यावर पेनानं गोल काढला आणि कात्री लावली.

"काय कापतूस रं?" आबांनी खाटेवरून विचारलं.

"पॅकिंग. समदेच कापत्यात, आबा. ह्या टायमाला यवतला कोण दुकान उघडं ठेवून बसलंय?"

आनंदराव आबांचं यवतला हायवेच्या कडेला तीस वर्षं पंक्चरचं दुकान होतं. इंजिनाला हात घालणाऱ्या पोराला ते सहसा टोकत नसत. पण आज ते उठले, स्वराजच्या हातातली पत्रिका काढून घेतली आणि घडी घालून खिशात ठेवली.

"उजेड बंद कर, अनु. बसा दोघं. ही गोष्ट ऐकीव न्हाई. निम्मी ज्याच्यावर बेतली त्यानं मला सांगितली, आन् निम्मी मी माझ्या डोळ्यांनी बघितली."

आणि ते सांगू लागले.

आबांच्या शेजारच्या गाळ्यात महेंद्रचं गॅरेज होतं. माणूस हुशार. गाडी रस्त्यावरून जाताना नुसता आवाज ऐकून तिचं दुखणं सांगायचा. गेल्या वर्षी सर्वपित्री अमावास्या रविवारी आली होती. त्या संध्याकाळी सात वाजता त्यानं भिंतीवरच्या खिळ्याला अडकवलेली प्लॅस्टिकची एक छोटी पिशवी काढली, तिच्यावरची धूळ फुंकली आणि हत्यारांच्या पेटीत टाकली. शटर ओढलं, कुलूप लावलं, किल्ली खिशात घातली आणि गाडी राहूच्या रस्त्याला वळवली. काम साधं होतं. नदीवरच्या होडीचं इंजिन सुरू करून द्यायचं.

भीमेच्या अलीकडे दौंड तालुका, पलीकडे शिरूर. अलीकडच्या काठावरच्या एका गावाला पूल लांब पडतो, म्हणून माणसं होडीनंच जायची. होडी हरिबाची. तिला मागच्या बाजूला टांगायचं जुनं पेट्रोलचं इंजिन होतं. त्या अमावास्येच्या दोन वर्षं आधी, भाद्रपदात, नदी फुगलेली असताना, ते इंजिन ऐन मध्यावर बंद पडलं. होडीत हरिबा एकटाच होता. चौथ्या दिवशी होडी खाली बाभळींत अडकलेली सापडली. इंजिन तिला तसंच लटकत होतं. हरिबा मात्र कधीच सापडला नाही.

गाव म्हणालं, पुरानं नेलं. एकट्या महेंद्रला वेगळं माहीत होतं.

त्याच वर्षी वैशाखात हरिबा लेकीच्या लग्नाची पत्रिका द्यायला गॅरेजात आला होता आणि येताना कार्बोरेटर खोलून घेऊन आला होता. महेंद्रनं तो साफ केला, पण त्याच्या खालच्या पेट्रोलच्या वाटीचं पॅकिंग तुटलं. नवं आणायला पुण्याला जावं लागणार. हरिबा चहा सांगायला बाहेर गेला तेवढ्यात महेंद्रनं त्याचीच पत्रिका घेतली आणि तिच्यातून पॅकिंग कापलं. पत्रिका जाड होती, छान बसली. कोपऱ्याला लावलेली हळद तेवढी कडेला दिसत होती.

"मामा, दोन दिवसांत खरं पॅकिंग आणून घालतो. तवर चालवा," तो म्हणाला.

"तू म्हनतूस म्हंजी चालंल," हरिबा म्हणाला.

त्यानं पुण्याहून पॅकिंग आणलं. अगदी आठवड्याच्या आत. पिशवी खिळ्याला अडकवली. नदीवर जायचं रोज उद्यावर गेलं. वैशाख गेला, आषाढ गेला, श्रावण गेला. पेट्रोलात भिजून कागद फुगतो, त्याचे धागे सुटतात आणि इंजिनाला पेट्रोल सोडणाऱ्या जेटाच्या केसाएवढ्या भोकात जाऊन बसतात, हे त्याला ठाऊक होतं. हरिबा बुडाला त्या दिवशी पिशवी खिळ्यालाच होती. पुढची दोन वर्षंही ती तिथंच राहिली.

आता हरिबाची बायको, चांगुणा, स्वतः होडी चालवणार होती. सोमवारी घटस्थापना. पहाटे पाचला गावातल्या बायका पलीकडच्या देवीला जाणार. महेंद्र आठवडाभर रोज संध्याकाळी तिच्या घरी येत होता, कारण इंजिन घराबाहेर न्यायला ती तयार नव्हती. त्यानं सगळं खोललं, धुतलं, बसवलं. फक्त कार्बोरेटरला हात लावला नव्हता. मामीच्या देखत वाटी उघडली आणि तिनं लेकीची पत्रिका ओळखली तर? आणि नाही उघडली, तर उद्या होडीत बायका असतील.

तो पोचला तेव्हा अंगणात केळीच्या पानावर वाढलेलं नैवेद्याचं ताट तसंच होतं. खीर, वडे, भात. वर साय धरलेली.

"दुपारपस्नं ठिवलंय," चांगुणामामी म्हणाली. "कावळा शिवला न्हाई. समदं बोलून झालं. लेकीचं बगते म्हनलं, होडी चालू करते म्हनलं. न्हाईच."

महेंद्र पेटी उचलून पडवीत गेला. पडवीच्या टोकाला पत्र्याची खोली होती, तिथं इंजिन लाकडी घोड्यावर टांगलेलं होतं. तो उगाचच प्लग पुसत बसला. दहा वाजले. अकरा.

"मामी, तुम्ही पडा आता. पाचला उठायचंय. मी करतो."

"करतूस ना नीट?"

"व्हय."

ती आत गेली. दाराची कडी वाजली. साडेअकराला वीज गेली.

त्यानं मोबाइलचा उजेड लावला आणि तो पेट्रोलच्या डब्याला टेकवून ठेवला. कार्बोरेटर सोडवून गोणपाटावर घेतला. चार स्क्रू होते, गंजलेले. उजेड नीट पडत नव्हता, त्याच्या स्वतःच्याच हाताची सावली मधे येत होती. तेवढ्यात मागे पावलं वाजली. ओल्या चपलांसारखी. मोबाइल डब्याजवळून उचलला गेला आणि उजेड त्याच्या खांद्यावरून बरोब्बर स्क्रूवर आला.

"झोपला न्हाई का मामी?" त्यानं मान न वळवता विचारलं. स्क्रू घसरत होता.

त्यानं स्क्रू-ड्रायव्हर पुसून परत लावला.

"जरा खाली धरा."

उजेड खाली आला.

"आजून जरा."

अजून जरा आला. दुसरा स्क्रू सुटला. तिसरा. मामी आपल्यामागे उभी आहे, आता ती बघणार, या विचारानं तो वाटीवर आणखी वाकला. चौथा सुटला. त्यानं वाटी ओढली.

आत ते होतं. काळं पडलेलं, फुगलेलं, निम्मं विरघळलेलं. तरी त्यावरची छापील अक्षरं ओळखू येत होती. महेंद्रनं झटकन वर फडकं टाकलं.

"कचरा हाय, मामी. नुसता कचरा."

उजेड फडक्यावरच राहिला. हलला नाही.

त्याच्या मनगटावर एक थेंब पडला. गार. मग दुसरा. गाळाचा वास आला, नदी ओसरल्यावर काठाला येतो तसा.

आणि पलीकडून, बंद दाराच्या आतून, मामीचा झोपाळलेला आवाज आला. "महेंद्राऽ... कुनाशी बोलतूस रं?"

...

महेंद्रनं मागे पाहिलं नाही. श्वास घेतला नाही. मागेही कुणी श्वास घेत नव्हतं.

उजेड फडक्यावर होता.

"मामा..." त्याच्या तोंडून कसंबसं निघालं.

उजेड हळूच सरकला. गोणपाटावरून. पान्यांवरून. हत्यारांच्या पेटीवर गेला. पेटीतल्या प्लॅस्टिकच्या पिशवीवर थांबला.

थांबूनच राहिला.

मग विझला.

पुढचं काम त्यानं अंधारात केलं. जुनं पॅकिंग चाचपून खिशात घातलं, जेट फुंकून काढलं, पिशवी दातांनी फाडून नवं पॅकिंग बसवलं. स्क्रू बोटांनी शोधले. इंजिनाची खालची बाजू पाण्याच्या पिंपात सोडून दोरी ओढली. दुसऱ्याच झटक्याला ते सुरू झालं. त्या आवाजानं मामी कंदील घेऊन धावत आली. कंदिलाच्या उजेडात त्याला मोबाइल दिसला. डब्याला टेकलेला, त्यानं ठेवला होता तसाच. ओला.

मामी इंजिनाकडे बघत उभी राहिली. डोळ्यांना पदर लावला.

"काय झालतं रं त्याला?"

"जेटात कचरा आलता."

"त्येवढ्यानं बंद पडलं व्हतं? त्या दिशी?"

महेंद्रनं खिशातल्या ओल्या पॅकिंगवर मूठ आवळली.

"व्हय," तो म्हणाला. "पुराचं पानी. त्यात कचरा असतोच."

दोन वाजता तो नदीवर गेला आणि ते पॅकिंग जमेल तितक्या लांब भिरकावलं. काळ्या पाण्यात ते पडल्याचा आवाजसुद्धा आला नाही. मग तो काठावरच बसून राहिला. होडी पलीकडे लागलेली बघितल्याशिवाय त्याला घरी जाववणार नव्हतं.

पाचला इंजिन होडीला टांगून झालं आणि बायका आल्या. हातात टोपल्या, काळी माती, धान्य. "चांगुणा, न्हेतीस का बुडवतीस?" एकीनं चेष्टा केली. कुणी हसलं नाही, तशी तिनंच जीभ चावली. होडी निघाली. मध्यावर गेली.

इंजिन ठसकलं.

एकदा.

होडीतल्या बायकांनी कडा घट्ट धरल्या. महेंद्र गुडघाभर पाण्यात उतरला होता, ते त्याला कळलंही नव्हतं. मग आवाज परत लागला, एकसारखा, आणि होडी सरळ पलीकडच्या काठाला जाऊन टेकली.

झालं, तो स्वतःशी म्हणाला. फिटलं. गाडी घ्यायला तो अंगणात आला. केळीचं पान तसंच होतं. खीर वाळली होती. कावळे होते, कौलावर ओळीनं बसलेले. एकही खाली उतरत नव्हता.

इथं आबा थांबले. लांब हायवेवरून एक ट्रक गेला.

"मग?" स्वराजनं हळूच विचारलं.

"मग माझी पाळी आली. त्याच सकाळी सात वाजता मी दुकान उघडायला गेलो तर महेंद्र गॅरेजच्या पायरीवर बसलेला. शटर निम्मं वर. कुलूप हातात, किल्ली कुलपात. मला म्हनला, 'आबा, आत जावा. भिंतीला काय हाय ते बघा, आन् मला सांगा की तिथं काय न्हाई.'"

"व्हतं?"

"सांगतो. पर आधी हे ऐका. मी बाहेर आलो आन् म्हनलो, 'हाय.' त्यानं तिथंच मला समदं सांगितलं, आत्ता मी तुमाला सांगितलं तसं. आन् त्याच पावली गाडी मागं फिरवली. चांगुणाबाईच्या म्होरं उभा ऱ्हायला आन् बोलला. ती काय म्हनली, ते त्यानं मला कवाच सांगितलं न्हाई, मी विचारलं न्हाई. येवढंच म्हनला की बोलून झालं तवा अंगणात फडफड झाली. कावळा पानावर बसलेला."

अनुपमानं गुडघे जवळ ओढून घेतले. "आबा, भिंतीला काय होतं?"

"खिळा व्हता. जिथं ती पिशवी दोन वर्सं टांगलेली व्हती, तो." आबांचा आवाज खाली आला. "त्याच्यावर पत्रिकेचं पॅकिंग. फुगलेलं न्हाई, काळं न्हाई. कात्रीनं आत्ता कापल्यावानी कोरं. टपटप पानी गळत व्हतं, खाली फरशीवर थारोळं. मी हात लावून बघितला."

त्यांनी उजव्या हाताची दोन बोटं अंधारात एकमेकांवर चोळली.

"कडंची हळद ओली व्हती. माझ्या बोटांना लागली."