एकतीस वर्षांची हाक

ऐकणाऱ्याला पटो न पटो, मी हे खरं मानतो. कारण मामांच्या अंगात खोटं रचण्याइतकंही त्राण उरलं नव्हतं.

तळ्यांच्या आणि धबधब्यांच्या एका मोठ्या उद्यानात मामा एकतीस वर्षं रखवालदार होते. पानगळीचे दिवस होते. निवृत्तीला चार दिवस उरले होते. वेळ संध्याकाळी साडेपाचची.

उद्यान बंद करताना वरच्या तळ्यापर्यंत चढायचं, "चला, बंद झालं" अशी हाक मारायची आणि लाकडी फळ्यांच्या वाटेनं एकेक फाटक लावत खाली यायचं. वर कोणी राहून गेलं, तर जबाब मामांनी द्यायचा.

त्या दिवशी गुडघ्यांनी संप पुकारला होता. मामीनं सकाळीच बजावलं होतं, "चार दिवसांसाठी कशाला जिवाचं रान करताय?"

मामांनी खालचंच फाटक लावलं. वर गेले नाहीत. हाकही मारली नाही.

एकतीस वर्षांत पहिल्यांदाच.

कुलूप लागलं... आणि धबधब्याचा आवाज थांबला.

समोर पाणी पडत होतं. आवाज नव्हता.

मग वरून फळ्या वाजल्या... टक. टक.

कोणीतरी खरंच राहिलं होतं. शेवटच्या चार दिवसांत हे पाप नको, म्हणून ते गुडघे दाबत वर चढले.

बाकावर एक म्हातारी बसली होती. अनवाणी. मांडीवर पानांचा थर साचलेला.

"आजी, चला. माझंच चुकलं."

"तू रोज हाक मारतोस, म्हणून उठते बाबा," ती म्हणाली. "तुझ्या मागून चालत येते. पण फाटक लावून तू निघून जातोस. दमले आता."

मामांना तिची फार दया आली. तेही दमलेलेच होते. पटकन बोलून गेले, "आज घरापर्यंत चला."

ते पुढे निघाले. मागे... टक. टक.

फाटकाशी त्यांनी वळून पाहिलं.

वाट रिकामी होती. धबधबा पुन्हा गर्जत होता.

मामी गेल्यापासून मामा आमच्याकडे राहतात. आमच्या इमारतीचा जिना सिमेंटचा आहे. तरी रोज साडेपाचला त्यावर फळ्या वाजतात. तिसऱ्या मजल्यापर्यंत. त्या वेळी मामा दार लावू देत नाहीत. "कोणी राहून जाईल," एवढंच म्हणतात.

काल साडेपाचला ते दवाखान्यात होते. मी विसरलो आणि दार लावलं.

स्वयंपाकघरात नळ चालू होता...

पाणी पडत होतं. आवाज नव्हता.