तीन नंबरचं दार

सोळा एप्रिलला माझ्या दाराला लागून असलेल्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून तीन नंबरच्या हेस्टरच्या हिरव्या दाराची दोन बोटं रुंदीची पट्टी दिसली. मी पूर्वी काम करायचे त्या प्रयोगशाळेतली मेणाची पेन्सिल अजून माझ्याकडे होती. त्या पेन्सिलीनं मी काचेवर खूण केली.

ती पट्टी दिसायला नको होती. इस्टेटीतल्या थकलेल्या, निराधार नोकरांसाठी दोनशे वर्षांपूर्वी ही नऊ घरं बांधली, तेव्हा मालकांनी एक अट घातली होती. एकही दार दुसऱ्या दाराकडे तोंड करून नको. म्हाताऱ्या उंबऱ्यात बसतील, एकमेकींचं बघतील आणि जळतील, म्हणून.

अकरा वर्षं मी दार न दिसताच जळत होते. आमच्या दोघींच्या आया इस्टेटीच्या बड्या घरचे कपडे धूत, म्हणून आम्हालाही इथं हक्क होता. तीन नंबरसाठी अर्ज मी आधी केला होता. मिळालं हेस्टरला. ऊन, पावाची भट्टी, दारात सफरचंदाचं झाड. मला सात नंबर. उत्तरेचं, भिंतींना ओल.

मार्चमध्येच ती म्हणाली होती, "मॉड, जिना चढवत नाही गं आता. लेकीकडे चालले मी. माझं घर तू घे. ट्रस्टवाल्यांशी बोललेय. तू फक्त हो म्हण."

मी हो म्हटलं नाही. तिनं दिलेलं घ्यायचं, हे घशाखाली उतरेना.

मे महिन्यात पट्टी वीतभर झाली. मी तिच्या घराभोवती फिरून पाहिलं. पायाशी शेवाळ अखंड होतं, जमिनीला तडा नव्हता. ज्या दिवशी तिच्या भट्टीचा वास येई, त्या दिवशी मात्र पट्टी खुणेच्या जास्त पुढे सरके.

"माझ्या उंबऱ्यातून हल्ली तुझी खिडकी दिसते," हेस्टर म्हणाली. "काचेवर काय खरडत असतेस गं?"

"पुसते."

"अकरा वर्षांत पहिल्यांदाच!"

एकोणीस जूनला दार अगदी समोर आलं. दुपारी हेस्टर गरम पाव घेऊन आली आणि खिडकीकडे पाठ करून बसली. मी चहा ओतला.

"उद्या ट्रस्टचा माणूस येतोय. हो की नाही, आज सांगून टाक बाई."

मी तिच्या खांद्यावरून पाहिलं. तीन नंबरचं दार उघडं होतं. उंबऱ्यात एक बाई उभी होती. राखाडी स्वेटर, उजव्या कोपराला निळं ठिगळ.

माझा स्वेटर. तो माझ्या अंगात होता.

ती माझ्या घराकडे बघत होती. ती नजर मी ओळखली. अकरा वर्षं मीच वापरली होती.

या ओलसर घराकडे इतक्या हावरेपणानं कुणी कधीच पाहिलं नव्हतं. मला ते एकाएकी सोडवेना. नाही म्हणायचं, ठरलं. तोंडात चहाचा घोट होता, तो मी गिळू लागले.

हेस्टरनं चमकून मागे पाहिलं.

हिरवळीपलीकडून, माझ्याच आवाजात, शब्द आले.

"हो. घेते मी."