पुढच्या तपासणीची तारीख

आता त्या गोष्टीला बरीच वर्षं झाली. पण कुठेही फ्रीज घरघरला, की तिला ती सकाळ आठवते. प्रयोगशाळेतला डीप फ्रीझर बंद पडला होता, वर्षभराचे नमुने वितळायच्या बेतात होते आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

फ्रीजवाला आला. काही न विचारता त्याने स्क्रूड्रायव्हरचं टोक कॉम्प्रेसरला टेकवलं, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटले. इतकं मन लावून ऐकणारा माणूस तिने पाहिला नव्हता. अर्ध्या तासात फ्रीझर सुरू झाला. मग त्याने फ्रीझरच्या दारावर चिठ्ठी चिकटवली — पुढच्या तपासणीची तारीख, सहा महिन्यांनंतरची.

"आणि त्या दिवशी नाही आलात तर?"

"अजून तरी तसं झालं नाही."

तेवढ्यात तिला फोन आला. ती इंग्रजीत बोलत राहिली आणि तो पिशवी उचलूनही दारातच घुटमळला. परदेशातल्या शीतगृहात त्याला नोकरी मिळत होती; पण इंग्रजी बोलण्याच्या परीक्षेत तो दोनदा नापास झाला होता. तीन महिन्यांनी शेवटची संधी. शिकवाल का, असं त्याने विचारलं... जमिनीकडे बघत.

शिकवणी तिच्या घरी, संध्याकाळी, जेवणाच्या टेबलावर. परीक्षेसारखंच विषय लिहिलेलं एक कार्ड उचलायचं, मिनिटभर विचार करायचा आणि दोन मिनिटं बोलायचं. ती स्टॉपवॉच लावायची. तो चाळीस सेकंदांत आटपायचा. आवडती जागा? शीतगृह. उणे अठरा अंश. दार घट्ट बसतं. संपलं!

ती रोजचे सेकंद आलेखावर मांडायची. चाळीस, बावन्न, एकाहत्तर... आई स्वयंपाकघरातून म्हणायची, "आपला फ्रीज तर ठीक चाललाय. मग हा रोज कशाला येतो ग?"

रेघ वर चढत होती आणि ती खूश होती. एका संध्याकाळी मात्र तिने ती रेघ पेन्सिलीने पुढे वाढवली, आणि तिचा हात थांबला. रेघ चढेल तितका तो लांब जाणार होता, आणि ती स्वतःच चढवत होती.

शेवटच्या आठवड्यात बाहेर भुरभुर पाऊस होता. कार्ड निघालं — तुम्हाला काही शिकवणारी व्यक्ती.

तो इंग्रजीत बोलू लागला. अडखळत, पण न थांबता. ती कशी वाट बघताना पेन्सिल कानामागे खोचते. मी चुकलो तरी कशी हसत नाही. आवाज थांबला की बिघाड समजायची माझी सवय. पण तिच्यासमोर गप्प बसलो तरी काही बिघडत नाही...

"किती झाले?" त्याने मराठीत विचारलं.

तिने खाली पाहिलं. घड्याळावर शून्य होतं. बटण दाबायचंच राहिलं होतं — तिच्याकडून, जिने एकही नोंद कधी चुकवली नव्हती.

"हाच विषय आला तर... हेच बोला," ती कशीबशी म्हणाली.

"तिथे कॉम्प्रेसरबद्दल बोलेन. हे तुम्हालाच सांगायचं होतं."

तो पास झाला. करार दोन वर्षांचा. निघायच्या आदल्या दिवशी तो प्रयोगशाळेत आला, फ्रीझर तपासला, खिशातून एक चिठ्ठी काढली आणि तिच्या स्टॉपवॉचच्या पाठीवर चिकटवली. तिने तारीख वाचली. दोन वर्षांनंतरची.

"आणि त्या दिवशी नाही आलात तर?" तिने पुन्हा तेच विचारलं.

"अजून तरी तसं झालं नाही."

दोन वर्षांत अंगठ्याने पुसून पुसून त्या चिठ्ठीची शाई फिकट झाली. तारीख तिला पाठच होती म्हणा. त्या दिवशी तिने कधी नव्हे ती रजा घेतली आणि उगाचच टेबल पुसत बसली. सकाळी नऊला बेल वाजली. तिच्या आधी आई पोचली आणि दार उघडून बघत राहिली.

"फ्रीज ठीक चाललाय हो आमचा," आई म्हणाली.

"माहीत आहे," तो म्हणाला, आणि चपला काढून आत आला.